पुसण्याआधी

पेंटच्या दुकानात थिनर मागितलं की समोरचा विचारतो, ‘एनसी देऊ का?’ सुतार, पॉलिशवाले, गाड्या रंगवणारे तेच नेतात. १९८६ साली मी २२ वर्षांचा होतो आणि पुण्याच्या कॅम्पात रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात कामाला होतो. थिनरची बाटली माझ्या टेबलावर कायम असायची. ‘एनसी’ म्हणजे काय, हे मात्र मी कधी कोणाला विचारलं नव्हतं. विचारलं असतं, तर एका फार चांगल्या गिटारच्या पाठीवर माझ्या हातून तळहाताएवढी जागा उघडी पडली नसती.

गिटार कॅम्पातच राहणाऱ्या एका गोवेकर वादकाची होती. आम्ही सगळे त्यांना अंकल म्हणायचो. उमेदीची वर्षं त्यांनी बोटींवरच्या बँडमध्ये काढली होती. गोव्यात अशा माणसाला तारवटी म्हणतात. एका फेरीत कुठल्याशा परक्या बंदरात त्यांनी ही फेंडर स्ट्रॅटोकास्टर जुनी म्हणून विकत घेतली. रंग फिकट हिरवा, पिकायला लागलेल्या पेरूसारखा. आवाजाचं बटण फिरवलं की खरखर यायची, तेवढ्यापुरती त्यांनी ती आमच्याकडे आणली. खरखर दहा मिनिटांत गेली. मग मी गिटार उलटी केली. पाठीवर बोटीच्या सामानाचं लेबल कधी काळी चिकटवलेलं, कागद फाटून गेलेला, गोंद तसाच राहिलेला आणि त्या गोंदावर २० वर्षांची धूळ काळी होऊन बसलेली. वस्तू परत करताना स्वच्छ करून द्यायची, अशी आमच्या मालकांची शिस्त होती. मी फडकं थिनरमध्ये बुडवलं.

गोंद निघाला. त्याच्या मागोमाग रंगही फडक्यावर आला, सायीसारखा. मी घाबरून आणखी एकदा पुसलं, आणि खाली पिवळसर लाकूड दिसलं. संध्याकाळी अंकल आले तेव्हा मी गिटार उलटी करूनच त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी त्या जागेवरून अंगठा फिरवला, बराच वेळ फिरवत राहिले. ‘राहू दे बाबा. आता हात लावू नको,’ एवढंच म्हणाले आणि पैसे देऊन गेले.

एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोज. त्या गिटारवरचा रंग नायट्रोसेल्युलोजचा होता, आणि मी नेमकं नायट्रोसेल्युलोज विरघळवण्यासाठीच बनवलेलं द्रव्य तिच्यावर ओतलं होतं. तेव्हापासून मी इलेक्ट्रिक गिटारी उघडतो, पुसतो, तेल देतो, डाग देऊन तुटलेल्या तारा जोडतो. गिटार पुसण्याआधी तिच्यावर काय आहे, ते तिथं कसं आलं आणि का आलं, हे मी त्या संध्याकाळपासून विचारत आलो. त्यातून जो इतिहास हाती लागला तो लिहून ठेवतो आहे.

कापसावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया केली की नायट्रोसेल्युलोज तयार होतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात ते सापडलं तेव्हा त्याचं पहिलं मोल स्फोटक म्हणून झालं. मग त्यात कापूर मिसळून सेल्युलॉइड तयार झालं. त्यापासून कंगवे झाले, बाहुल्या झाल्या, सिनेमाची फिल्म झाली. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ ज्या फिल्मवर काढला ती याच पदार्थाची. तो पेट घ्यायला किती उतावीळ असतो ते पुण्याने पाहिलं आहे: जानेवारी २००३ मध्ये फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात जुन्या नायट्रेट फिल्म्सच्या साठ्याला आग लागली आणि बोलपटाआधीच्या काळातलं बरंच काही राख झालं. दुसऱ्या दिवशी पेपर वाचताना मला माझी थिनरची बाटली आठवली. एकाच घराण्यातल्या वस्तू.

पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीने या घराण्यातून गाड्यांचा रंग काढला. १९२३ साली आलेल्या त्या रंगाचं नाव ड्युको. त्याआधी मोटारीला तेलाच्या वार्निशाचे थर द्यायचे तर वाळायलाच काही आठवडे जात. ड्युको तासाभरात हाताला लागेनासा होई. फर्निचरवाल्यांनी तो उचलला, वाद्यवाल्यांनीही उचलला. म्हणजे गिटारवर जो मुलायम, पातळ, आरशासारखा थर आपण कौतुकाने बघतो तो मुळात मोटारींसाठी आलेला, घाईच्या कारखान्यांचा रंग आहे. या गिटारी बनवणाऱ्या लिओ फेंडरने हे लपवलं नाही. १९६०च्या सुमारास त्याच्या कंपनीने जादा रंगांचा तक्ता काढला, ५ टक्के जास्त पैसे मोजले की हवा तो रंग मिळे, आणि त्यातले रंग सरळ गाड्यांवरचे होते. फिएस्टा रेड हा फोर्डच्या थंडरबर्डचा. लेक प्लॅसिड ब्लू आणि सॉनिक ब्लू हे कॅडिलॅकचे.

अंकलची गिटार सॉनिक ब्लू होती. निळी. हे मला तेव्हा कळलं नाही, कारण मी तिला हिरवी समजत होतो. नायट्रोसेल्युलोज वयाबरोबर पिवळं पडतं. उजेडाने जास्त पडतं, सिगारेटच्या धुराने त्यात भर पडते. फिकट निळ्यावर पारदर्शक लॅकरचा हात, ते लॅकर पिवळं होत गेलं की खालचा निळा डोळ्यांना हिरवा दिसू लागतो. याच कारणाने पांढऱ्या गिटारी सायीच्या रंगाच्या होतात. लोक माझ्याकडे अशा गिटारी आणून म्हणतात, ‘मळली आहे हो, जरा चकाचक करा.’ मी त्यांना खुर्ची देतो, चहा सांगतो आणि मग समजावतो की हा मळ नाही. हा तो रंगच आहे, वयात आलेला. तो घासून काढायचा म्हणजे रंगच काढायचा.

आता लिओ फेंडरबद्दल. हा माणूस मला जवळचा वाटतो, कारण तो आमच्याच धंद्यातला. १९०९चा जन्म, कॅलिफोर्नियात संत्र्यांच्या बागा असलेल्या घरातला. लहानपणी एक डोळा गेलेला. शिकला हिशेबनिशी, पण महामंदीत नोकरी गेली आणि १९३८ साली त्याने फुलर्टन या गावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. रेडिओ, ग्रामोफोन, ध्वनिक्षेपक, त्या भागात वाजवणाऱ्या वादकांचे ॲम्प्लिफायर, सगळं त्याच्या टेबलावर यायचं. १९४३ साली त्याने आणि डॉक कॉफमन या सहकाऱ्याने एक नवा पिकअप, म्हणजे तारांची थरथर पकडणारं चुंबक आणि वेटोळं, तपासायला भरीव लाकडाची साधीशी गिटार बनवली, तर वादक तीच भाड्याने मागायला लागले. गंमत म्हणून नाही, महत्त्वाचं म्हणून सांगतो: लिओला गिटार वाजवता येत नव्हती, शेवटपर्यंत आली नाही. त्याला गिटार कशाने बिघडते ते माहीत होतं.

१९५० साली त्याची एस्क्वायर आणि ब्रॉडकास्टर आली, पुढच्या वर्षी ब्रॉडकास्टरचं नाव टेलिकास्टर झालं, १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर आली. गिब्सन या दुसऱ्या गिटार कंपनीच्या कालामझूच्या कारखान्यात मान धडाला सरसाने चिकटवत; व्हायोलिन, सतार, बीन यांच्या घराण्यातली ती रीत. लिओने मान चार स्क्रूंनी धडावर आवळली. मान वाकली तर स्क्रू काढा, दुसरी बसवा. स्ट्रॅटोकास्टरमध्ये तर त्याने तिन्ही पिकअप, बटणं आणि स्विच एकाच प्लॅस्टिकच्या पत्र्यावर लावले. तो पत्रा उचलला की जवळजवळ सगळी वायरिंग एका हातात येते, अगदी रेडिओची चासी बाहेर काढावी तशी. ज्याने दिवसभर दुसऱ्यांचे रेडिओ उघडले त्यानेच हे करावं हे मला अगदी सहज वाटतं. एका बाबतीत मात्र तो आम्हाला पिडून गेला: मानेतली सळई आवळायची तर तिचं तोंड मानेच्या बुडाला, म्हणून आधी मान सोडवावी लागते. जुन्या स्ट्रॅटोकास्टरवर हे काम मी कितीदा केलं असेल, मोजलं नाही.

पण याच कामामुळे माझी वाचायची सोय झाली. मान सोडवली की तिच्या बुडाशी शिक्का दिसतो. अंकलच्या गिटारवर २ हा आकडा, मग डिसेंबर, मग ६३ आणि शेवटी बी हे अक्षर. २ हा स्ट्रॅटोकास्टरचा सांकेतिक आकडा, बी म्हणजे मानेची रुंदी. बटणांखालच्या पॉटच्या पाठीवर कोरलेले अंकही तसेच: पहिले तीन कंपनीचे, पुढचे दोन वर्षाचे, शेवटचे दोन आठवड्याचे. ३०४ म्हणजे स्टॅकपोल, १३७ म्हणजे सीटीएस. १९८६ साली मी त्याच पॉटमध्ये क्लीनरचा फवारा मारला होता आणि ते अंक नजरेखालून जाऊनही वाचले नव्हते. १९६३चा २८वा आठवडा. पॉट जुलैचा, मान डिसेंबरची. पाच महिने पॉट फुलर्टनच्या कुठल्या तरी खोक्यात पडून असणार.

याहून जुन्या, १९५०च्या दशकातल्या गिटारी उघडल्या की आत कधी कधी मास्किंग टेपचा तुकडा सापडतो. त्यावर तारीख आणि बाईचं नाव असतं. मेरी. ग्लोरिया. वायरिंग जोडणाऱ्या बायकांनी आपल्या हातची खूण म्हणून चिकटवलेली ही नावं. फुलर्टनच्या कारखान्यात नाजूक काम बऱ्याच अंशी बायकांनी केलं, त्यांतल्या अनेक मेक्सिकन वंशाच्या. ॲबिगेल इबारा १९५६ साली तिथं लागल्या आणि २०१३ पर्यंत पिकअपची गुंडाळी करत होत्या. ही गुंडाळी म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे. केसाइतकी बारीक, सुमारे ०.०६ मिलिमीटर जाडीची तांब्याची तार, आणि तिचे जवळपास ८,००० वेढे. तार जास्त ताणली तर तुटते, सैल सोडली तर पिकअप शिट्टी घालतो. मशीन फिरतं, पण तार सोडत राहतो तो हात.

लिओने ही तार थेट चुंबकांवर गुंडाळली, मध्ये लॅकरचा पातळ थर तेवढा. कोरड्या कॅलिफोर्नियात ते निभावलं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर चुंबक दमट हवा पितात, वाजवणाऱ्याचा घाम वरून झिरपतो, लोहचुंबकाला गंज फुटतो आणि तो फुगलेला गंज आतला पहिलाच वेढा तोडतो. कोकणातून आणि मुंबईहून येणाऱ्या गिटारींत ‘मधला पिकअप गेला’ ही तक्रार मी सगळ्यात जास्त ऐकली आहे. म्हणून सांगतो, पिकअपच्या टोकांवर ओलं फडकं फिरवू नका, कुठलंही पॉलिश तर नकोच. सुका मऊ ब्रश पुरे. आणि फ्रेट, म्हणजे मानेवरचे धातूचे पडदे, चमकवायला स्टील वूल वापरत असाल तर आधी पिकअप कागदी टेपने पूर्ण झाका; लोखंडाचा तो बारीक भुगा चुंबकाला एकदा चिकटला की वर्षानुवर्षं निघत नाही.

अंकलच्या गिटारचा पत्रा मी पुढे १९९६ साली पुन्हा उघडला. स्क्रू ११. सैल केले, पत्रा उचलला, आणि देवघरासारखा वास आला. मी थबकलोच. कापूर. तो पत्रा सेल्युलॉइडचा होता, आणि सेल्युलॉइडमधला कापूर ३० वर्षं हळूहळू उडत होता. कापूर जातो तसं सेल्युलॉइड आक्रसतं. पत्रा स्क्रूंपाशी ताणला जाऊन तडकलेला असतो त्याचं कारण हे. कोणी जोरात आवळला म्हणून नव्हे. पांढरा पत्रा पुदिन्याच्या रंगाचा होतो तोही याच म्हातारपणाने. १९६५च्या आसपास कंपनीने हा पदार्थ सोडला आणि साधं प्लॅस्टिक घेतलं. त्याच वर्षीच्या जानेवारीत लिओनेही कंपनी सीबीएसला १ कोटी ३० लाख डॉलरला विकली होती. १९६८पासून गिटारींवर पॉलिस्टरचा जाड थर चढू लागला. ज्यांना जुन्याचं प्रेम आहे ते या थराला नावं ठेवतात. मी ठेवत नाही. पॉलिस्टरवर थिनरचाही फारसा परिणाम होत नाही, घाम बाधत नाही, रबर लागलं तरी काही होत नाही. नायट्रोच्या गिटारला स्टँडचं रबर नुसतं टेकलेलं राहिलं तरी काही महिन्यांत रंग मऊ होऊन वळ उमटतात. विद्यार्थ्याने घेतलेल्या, बसमध्ये फिरणाऱ्या, पावसात भिजणाऱ्या गिटारला पॉलिस्टरच बरं.

पुसण्याच्या गोष्टीने गिटारचं रूपच बदललं, असा एक प्रसंग या इतिहासात आहे, आणि मला तो फार मोलाचा वाटतो. लिओच्या पहिल्या गिटारींची मान एकाच मेपलच्या तुकड्याची असे, बोटं फिरतात ती पट्टीही मेपलचीच. मेपल पांढुरकं, म्हणून त्यावर लॅकर. वादकाच्या बोटांनी ते लॅकर झिजायचं, उघड्या लाकडात घाम आणि मळ शिरायचा आणि फ्रेटच्या मधोमध करडे-काळे डाग पडायचे. पुसून ते जात नाहीत; लाकडाच्या आत गेलेले असतात. तो टेलिव्हिजनचा काळ. देशभर दिसणाऱ्या कार्यक्रमांत वादकांच्या हातात या गिटारी, आणि पट्ट्या मळकट. कंपनीने १९५८ साली जॅझमास्टरवर आणि पुढच्या वर्षी इतर गिटारींवर शिसवीची गडद पट्टी बसवली, त्यामागचं कारण म्हणून हेच सांगितलं जातं. डाग दिसू नयेत म्हणून लाकूड बदललं, आणि आवाजाचा स्वभावही थोडा बदलला. आज वादक मेपल की शिसव यावर तासन्‌तास वाद घालतात. त्या वादाच्या मुळाशी घामाचा डाग आहे.

ती पहिली शिसव ब्राझीलची. साठच्या दशकाच्या अखेरीस ब्राझीलने ओंडक्यांची निर्यात रोखली आणि जगातले गिटारवाले भारताकडे वळले. आपल्या सह्याद्रीतली शिसव, जिच्या देव्हाऱ्यांना आणि पाटांना आपल्या आज्या तेलाचा हात देत आल्या, ती तेव्हापासून अमेरिकी गिटारींच्या मानेवर बसली. १९९२ साली ब्राझीलच्या शिसवीचा व्यापार आंतरराष्ट्रीय कराराने जवळपास बंद झाला. जानेवारी २०१७ मध्ये शिसवीच्या सगळ्याच जातींवर परवान्यांचं बंधन आलं, आणि २०१९च्या नोव्हेंबरात तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. मधल्या काळात फेंडरने मेक्सिकोत बनणाऱ्या गिटारींवर शिसवीऐवजी पाऊ फेरो नावाचं दक्षिण अमेरिकी लाकूड लावलं. अशी गिटार आली की पट्टी बघूनच तिचा काळ साधारण कळतो.

शिसवीवर लॅकर नसतं. ती उघडी असते, म्हणून तिला तेल चालतं. मेपलवर लॅकर असतं, तिथं तेल नुसतं वरवर लोळतं. एवढा एक फरक लक्षात ठेवला तर निम्मे अपघात टळतील. बाजारात ‘लेमन ऑइल’ म्हणून महागड्या छोट्या बाटल्या मिळतात. त्यांत बहुतेक खनिज तेल आणि थोडा लिंबाचा वास असतो. आमच्याकडे परदेशी माल मिळत नव्हता त्या काळात मी शिलाई मशीनचं पांढरं तेल वापरायचो. फडक्यावर दोन थेंब, पट्टीवरून एक हात, पाच मिनिटांनी कोरडं पुसून घ्यायचं. वर्षातून एकदा, पाऊस सरल्यावर. पट्टी प्याली पाहिजे, न्हाली नाही पाहिजे. खोबरेल मात्र कधीही नको, काही दिवसांनी ते खवट होतं आणि फ्रेटखाली चिकटा धरतो.

गिब्सनच्या सोनेरी लेस पॉलबद्दल थोडं सांगतो. १९५२ साली ही गिटार आली, वरचा रंग सोन्याचा दिसतो तो ब्राँझच्या बारीक भुकटीमुळे. वादकाचा उजवा हात जिथं टेकतो तिथलं लॅकर झिजलं की भुकटी घामाला भेटते आणि हिरवी पडते. पितळेच्या पातेल्यात ताक कळकावं तशी. तो कळंकच आहे. अशी एक गिटार माझ्याकडे आली तेव्हा घरातल्या कोणीतरी ती जागा चिंचेने घासून ‘उजळली’ होती. देवाची भांडी जशी उजळतो तशी. हेतू वाईट नव्हता, पण सोनंही गेलं आणि कळंकही. पिकअपवरच्या निकेलच्या झाकणांचंही तेच. त्यांच्यावरचा मुलामा कागदाहून पातळ असतो आणि घासलं की खालचा धातू वर येतो.

तारांचा इतिहास वेगळा लिहावा लागेल, इथं एवढंच: इलेक्ट्रिक गिटारची तार चुंबकाला जाणवली पाहिजे, म्हणून ती पोलादाची, जाड तारांवरचा वेढा निकेलचा, आणि पोलादाला घामातलं मीठ खातं. वाजवून झाल्यावर प्रत्येक तार चिमटीत धरून कोरड्या फडक्याने खालीवर पुसा. १९९१च्या आधी आमच्या ऑर्केस्ट्रातल्या मुलांना परदेशी तारांचा संच परवडायचा नाही. बेसच्या जाड तारा ती काढून गरम पाण्यात उकळत, सुकवत, परत चढवत. आवाज आठवडाभर उघडायचा. मी ते करायला नाही म्हणायचो नाही, कारण दुसरा उपाय नव्हता.

आणि याच्या अगदी उलट माणूसही होऊन गेला. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या असंख्य गाण्यांत बेस वाजवणारा जेम्स जेमरसन. त्याच्या १९६२च्या प्रिसिजन बेसवरच्या तारा तुटल्याखेरीज तो बदलत नसे. त्याला गोल घुमणारा, दबका आवाज हवा होता, आणि तो मळलेल्या तारांतूनच यायचा. १९८३ साली, त्याच्या मृत्यूच्या काही दिवस आधी, तो बेस चोरीला गेला. जेमरसनचं हे माहीत झाल्यापासून मी बेसवाल्याला आधी विचारतो, ‘तारा बदलायच्या का, की आवाज असाच हवा आहे?’ पुसणं या शब्दाला आपल्या भाषेत दोन अर्थ आहेत, हा मला माझ्या धंद्यावरचा उपकार वाटतो.

आयर्लंडच्या रोरी गॅलहरची १९६१ची स्ट्रॅटोकास्टर फोटोत बघा. १९६३ साली कॉर्क शहरात त्याने ती घेतली तेव्हा सनबर्स्ट होती. ३० वर्षं तो घामाने निथळत वाजवत राहिला आणि रंग जवळजवळ सगळा गेला, लाकूड उघडं. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिचा लिलाव झाला आणि घेणाऱ्यांनी ती आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाला दिली. तिथल्या जतन करणाऱ्यांना मी मनातून नमस्कार केला. ती कोणी ‘दुरुस्त’ करणार नाही. फेंडर कंपनी गेली ३० वर्षं नव्या गिटारी मुद्दाम झिजवूनही विकते आहे. त्या चांगल्या वाजतात, मी पुसूनही देतो. पण त्या झिजेला विचारावं असं माझ्याकडे काही नसतं.

मी मूळचा मिरजेकडचा. लहानपणी सतारमेकर गल्लीतून शाळेला जायचो, रंध्याचा आवाज आणि लाखेच्या पॉलिशचा वास रोजचा. तिथली वाद्यं बनवण्याची परंपरा ज्या फरीदसाहेबांपासून सांगतात ते शिकलगार, हत्यारांना धार आणि झिलई देणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात, पटवर्धनांच्या संस्थानात, हत्यारांचं काम घटत गेलं आणि संस्थानात गाणं वाढत गेलं; वादकांची बिघडलेली वाद्यं नीट करता करता हे कारागीर स्वतः सतारी आणि तंबोरे घडवू लागले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. फुलर्टनचा रेडिओवाला आणि मिरजेचा शिकलगार यांच्यात शंभर वर्षांचं आणि अर्ध्या पृथ्वीचं अंतर आहे. पण दोघांनीही आधी दुसऱ्याची वस्तू उघडली, पुसली, कुठं झिजते ते पाहिलं, आणि मग नवी घडवली. जवारी लावणारा कारागीर घोडीवरून कानस एकदा फिरवून दहा वेळा तार छेडतो. फ्रेट सपाट करताना मी तसंच करतो, आणि ते मी कुठल्या पुस्तकातून शिकलेलो नाही.

अंकल २००९ साली गेले. त्याआधी बरीच वर्षं ते गिटार माझ्याकडेच आणायचे. ती जागा रंगवून देतो असं मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा त्यांनी मान हलवली. एकदा माझ्या टेबलाशी बसून सिगारेट पेटवताना त्यांनी आपला जुना लायटर पेट्रोलने भरला, दोन थेंब टेबलावरच्या एका लेबलवर सांडले, आणि लेबल अलगद सुटून आलं. लायटरचं पेट्रोल नायट्रोसेल्युलोजला बाधत नाही, गोंद तेवढा सोडवतं. हे मी तोवर शिकलो होतो. पण १९८६च्या त्या संध्याकाळीही तो लायटर त्यांच्या खिशात होता. आम्ही दोघांनी त्या लेबलकडे पाहिलं. ते काही बोलले नाहीत, मीही नाही.

गेल्या दिवाळीनंतर त्यांची नात गिटार घेऊन आली. ती आता तिची. पावसाळ्यात पेटीत बंद राहिल्याने मखमलीला बुरशी धरली होती, तारा गंजल्या होत्या. मी तारा उतरवल्या, पट्टीला तेल दिलं, खुंट्यांचे स्क्रू आवळले, पेटी दोन दिवस सावलीत उघडी ठेवली. अंगावरचा मळ फडक्यावर तोंडाची वाफ देऊन देऊन काढला. यापेक्षा जास्त ओल नायट्रोला लागत नाही. मुलीने विचारलं, ‘ही पहिल्यापासून हिरवीच होती का?’

मी गिटार उलटी केली. माझ्या थिनरने पडलेला तो घाव तसाच आहे. मध्ये लाकूड. बाहेर पेरूचा हिरवा. आणि दोघांच्या मध्ये, जिथं फडक्याची कड फिरली होती आणि वरचं पिवळं लॅकर तेवढंच निघालं होतं, तिथं करंगळीच्या नखाएवढ्या रुंदीची एक कड, स्वच्छ फिकट निळी. १९६३ सालची. ती मुलगी खाली वाकून बराच वेळ बघत राहिली. मग तिने त्या कडेवरून अंगठा फिरवला.